ठिपक्याभोवतीची मोकळी जागा

खराडीतल्या त्या भल्यामोठ्या तंत्रज्ञान परिषदेसाठी शुभंकरने बोधचिन्ह म्हणून एक ठिपका काढला होता. निळा. पांढऱ्याशुभ्र पानाच्या डाव्या कोपऱ्यात, खाली, एकटाच. परिषदेचं नावच 'बिंदू' होतं, त्यामुळे ठिपका सुचायला फार डोकं लागलं असेल असं नाही. पण तो समजावून सांगायला लागलं. संयोजकांपुढे त्याने दुपारभर व्याख्यान दिलं.

"ठिपका महत्त्वाचा नाहीच मॅडम. भोवतीची मोकळी जागा हीच आपली ओळख. तिथे काही म्हणजे काही येता कामा नये. ती जागा श्वास घेते."

संयोजक उत्कर्षाताई सदाशिव पेठेतल्या. "घेऊ दे," त्या म्हणाल्या. "यंदाचं नीट पार पडलं, तर पुढच्या वर्षीचं कामही तुम्हालाच."

घरी मात्र ठिपक्याला काडीची किंमत नव्हती. "एवढं दिवस खपून येकच?" वडील बापूराव म्हणाले. "मोठा तरी काढायचास," आई कौशल्याबाईंनी दुरुस्ती सुचवली. या घराची शेती खराडीतलीच. तिच्यावर आता काचेच्या इमारती उभ्या होत्या आणि गोठ्यात शर्यतीचा एक बैल उरला होता, सुलतान. शुभंकर ऑफिसात यातलं अवाक्षर काढत नसे. वडील काय करतात विचारलं, की "रिअल इस्टेटमध्ये आहेत" म्हणून मोकळा व्हायचा. वडिलांच्या गॉगलची, गळ्यातल्या चेनची आणि 'हाय-न्हाय'ची त्याला लाज वाटायची. वाटायची म्हणजे वाटायची. उगाच कशाला लपवा!

आता गंमत अशी, की परिषदेच्या फाटकासमोरचा उरलासुरला प्लॉट बापूरावांचाच, आणि फ्लेक्स लावायची लोखंडी चौकटही तिथेच. शुभंकरने मॅडमना सांगितलं, "माझा एक लोकल व्हेंडर आहे." आणि वडिलांना सांगितलं, "आबा, संपतकडे फाइल धाडलीय, तेवढी लावून घ्या. आणि उद्या तुम्ही तिकडे येऊ नका. गर्दी असते."

संपतचा फ्लेक्सचा धंदा. उभा जन्म त्याने वाढदिवस, निवडी आणि दहावे छापण्यात घालवलेला. कोरा फ्लेक्स म्हणजे फोटो यायचे बाकी आहेत, हे त्याच्या धंद्यात शेंबडं पोरही सांगेल. त्याने शुभंकरला फोन लावला. शुभंकर रंगीत तालमीत, फोनचा आवाज बंद. मग त्याने बापूरावांना लावला.

"बापू, पोरानं फोटोंची जागा सोडलीय, पण फोटो धाडलेच न्हाईत. कुणाकुणाचं टाकू?"

"किती सोडलीय जागा?"

"आख्खी!"

बापूरावांनी फोन तसाच कानाला धरून घरात हाक मारली. "ऐकलं का गं! पोरगं लाजतंय बघ. तोंडानं म्हणायचं न्हाई, पण जागा तेवढी राखून ठिवली आपल्यासाठी."

कौशल्याबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच कामाचं बोलल्या. "सोजरबाई वन्संना घ्या आधी. न्हाईतर वरीसभर ऐकवतील."

सकाळी शुभंकर इस्त्रीच्या काळ्या शर्टात फाटकाशी उतरला आणि त्याने समोरच्या चौकटीकडे वर पाहिलं. मधोमध बापूराव, डोळ्यांवर गॉगल, कानाला मोबाइल. शेजारी हात जोडून आई. मग सोजरआत्या, चुलतभाऊ साईनाथ, त्याचे मेहुणे, मेहुण्यांचे मित्र. 'बिंदू परिषदेस आलेल्या तमाम पाहुण्यांचे हार्दिक स्वागत! शुभेच्छुक: समस्त मित्रपरिवार.' डावीकडे शिंगांना गोंडे बांधलेला सुलतान. निळा ठिपका कुठे गेला म्हणून शुभंकर शोधू लागला, तर तो सुलतानच्या कपाळावर. संपतला तिथे तो शोभून दिसला होता. उजवीकडे बघायचं शुभंकरला धैर्यच झालं नाही.

फ्लेक्ससमोर लॅपटॉपच्या बॅगा अडकवलेली गर्दी जमली होती, आणि तिच्यात उत्कर्षाताई. सोबत परिषदेचे मुख्य प्रायोजक इंद्रजीत.

"मोकळी जागा बरीच भरली म्हणायची," उत्कर्षाताई म्हणाल्या. "कोण ही मंडळी?"

पुढच्या वर्षीचं काम शुभंकरच्या डोळ्यांपुढून पायाला पाय लावून पळत होतं. "काय की मॅडम! व्हेंडरने घोळ घातला. मी... मी ओळखत नाही यांना. कुणालाच!"

बोलून वळला, तर मागे आबा. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात पेढ्यांचा बॉक्स. शेजारी ठेवणीतल्या साडीत आई. येऊ नका म्हटलं होतं खरं. पण आपला फोटो गावभर लागलेला असताना घरी कोण बसणार, सांगा बघू!

बापूरावांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी हळूच गॉगल काढून खिशात टाकला आणि पुढे झाले.

"व्हय बाई, ह्यांची चूक न्हाई. आमचाच घोटाळा झाला. दुसऱ्याच कुणाचा तरी वाढदिवस ह्याच्यात मिसळला. उतरवतो आत्ताच." मग पोटच्या पोरापुढे त्यांनी हात जोडले. "माफ करा, साहेब."

शुभंकरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेब! आई पदराचं टोक पिळत जमिनीकडे बघत होती.

"थांबा," उत्कर्षाताई म्हणाल्या. "शुभंकर, खाली उजवीकडचा तो मुलगा. त्यालाही आपण ओळखत नाही का?"

शुभंकरने मान वर केली. उजव्या कोपऱ्यात त्याचाच दहावीतला फोटो, तेल चोपडून चप्प भांग पाडलेला. खाली ठळक अक्षरांत: 'आमचा अभिमान चि. शुभंकर बापूराव, ठिपक्याचे जनक.'

गर्दीत कुणीतरी खुसखुसलं. शुभंकरचे कान तापले. फ्लेक्सपायी नव्हे, आबांच्या त्या 'साहेब'पायी.

"आबा आहेत," तो कसाबसा म्हणाला. "माझे वडील. ही आई. ते सगळे आमचेच आहेत, मॅडम. मी खोटं बोललो. लाज वाटली मला त्यांची."

"आणि बैल?" इंद्रजीतनी विचारलं.

"तोही आमचाच. सुलतान."

"दुपारी आणता येईल का? भाषणांत तेवढाच विरंगुळा." आणि गृहस्थ मोबाइल काढून फ्लेक्सखाली फोटोला उभे राहिले. त्यांच्या मागे रांग लागली.

बापूरावांचं तिकडे लक्ष नव्हतं. पेढ्यांचा बॉक्स त्यांनी उगाचच या हातातून त्या हातात घेतला. मग अगदी खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "शुभ्या, एवढी जागा सोडली व्हतीस... ती आमच्यासाठी न्हवती व्हय रं?"

दुपारभर दिलेलं सगळं व्याख्यान शुभंकरच्या घशाशी आलं. श्वास घेणारी जागा, ओळख, काही म्हणजे काही येता कामा नये. त्याने ते गिळलं.

"तुमच्यासाठीच होती, आबा. दुसऱ्या कुणासाठी सोडणार?"

बापूरावांनी खिशातून गॉगल काढून पुन्हा डोळ्यांवर चढवला. बहुधा डोळे झाकायला.

उत्कर्षाताईंनी बॉक्समधला एक पेढा उचलला. शुभंकरच्या जवळ येऊन, फक्त त्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात त्या म्हणाल्या, "सकाळपासूनचं दुसरं खोटं. पण पहिल्यापेक्षा बरं जमलं."