उद्यासाहेबांची वॉरंटी

टीव्ही घेताना उद्यासाहेबांनी एकाच गोष्टीला नकार दिला आणि पुढचं सगळं महाभारत त्या नकारातून घडलं.

उद्यासाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ते तक्रारींच्या खिडकीवर बसत, आणि नळाला पाणी नाही म्हणून तावातावाने आलेल्या माणसाला इतक्या गोड आवाजात "उद्या या" म्हणत, की तो आभार मानून परत जाई. (आणि खरंच दुसऱ्या दिवशी येई. बिचारा.) आज कुणाला कसं परत पाठवलं, ते रोज जेवताना बायकोला रंगवून सांगणं हा त्यांचा आवडता छंद होता.

तर टीव्ही. निम्मी भिंत झाकणारा, महागडा. पैसे मोजून झाल्यावर टाय लावलेला विक्रेता हळूच म्हणाला, "सर, एक्स्टेंडेड वॉरंटीपण घेऊन टाका. कंपनीची एका वर्षात संपते."

"टीव्ही चांगला आहे ना?"

"एक नंबर, सर!"

"मग बिघडेल कशाला?"

"तसं नाही सर, पण समजा बिघडला..."

"म्हणजे चांगला नाही?"

विक्रेत्याने टाय सैल केला. उद्यासाहेब छाती काढून दुकानाबाहेर पडले आणि स्वतः टीव्हीचं खोकं टेम्पोत चढवायला लागले. बायको थोडी मागे रेंगाळून आली. "घाबरायचे पैसे मी देणार नाही," त्यांनी तिला ठणकावलं. "स्वस्तातलं कव्हर मी शोधतो. बाजार काही त्या टायवाल्याच्या बापाचा नाही!"

शोध सुरू झाला. एक कव्हर परवडणारं होतं, पण त्यात पडदा सोडून सगळं होतं. दुसऱ्यात पडदा होता, पण तो आपोआप फुटला तरच. तिसऱ्या कंपनीची बाई फोनवर फार मायेने बोलली. तिच्या योजनेत सगळी जबाबदारी कंपनीची होती, फक्त टीव्ही लावायचा नव्हता.

"गेले सगळे खड्ड्यात!" उद्यासाहेबांनी फोन आपटला. "वॉरंटी मी देतो. मी! तीन वर्षं, फुकट!"

बायको भाजी निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, "आणि दुरुस्त होईपर्यंत बदली टीव्ही?"

"तोही देतो!" (या दोन शब्दांनीच त्यांचा घात केला.)

गुडघ्यांच्या दुखण्यामुळे लेकीकडेच राहायला आलेल्या सासूबाई सोफ्यावरून म्हणाल्या, "मी साक्षीला आहे हं, जावईबापू." संध्याकाळची मालिका हा त्यांचा एकुलता एक विरंगुळा होता.

वर्ष सरलं. कंपनीची वॉरंटी संपली आणि थोड्याच दिवसांत, मालिकेतली मोठी आत्या सुनेच्या दुधात कसलीशी पूड टाकत असतानाच, पडदा काळाठिक्कर पडला. साहेब पेपर वाचत होते. बायकोने येऊन त्यांच्या टेबलावर टकटक केलं.

"तक्रार नोंदवायची आहे."

"अगं, उद्या..."

"तो शब्द काढायचा नाही."

"अर्ज लागेल."

तिने अर्ज पुढे केला.

"दोन प्रतींत लागतो."

तिने दुसरी प्रत पुढे केली.

"साहेब जागेवर नाहीत."

"साहेब माझ्यासमोर बसून शेंगदाणे खातायत."

इतकी वर्षं जेवताना आपण शत्रूलाच शस्त्रं पुरवत होतो, हे साहेबांना तेव्हा कळलं. मेकॅनिक बोलावता आला असता. पण मेकॅनिक बोलावणं म्हणजे त्या टायपुढे मान तुकवणं, आणि ते जिवंतपणी शक्य नव्हतं. स्क्रूड्रायव्हर घेऊन ते स्वतः टीव्हीच्या मागे गेले आणि बऱ्याच वेळाने बाहेर आले. त्यांना एकही स्क्रू सापडला नव्हता.

"मग बदली टीव्ही द्या," सासूबाई म्हणाल्या. "शब्द दिलाय तुम्ही."

"देणार! शब्द म्हणजे शब्द!"

समोरच्या इमारतीतल्या दातांच्या दवाखान्यात पेशंटसाठी टीव्ही होता. दुसऱ्या दिवसापासून उद्यासाहेब गालाला रुमाल लावून तिथे बसू लागले. नंबर आला की तो मोठ्या मनाने शेजाऱ्याला द्यायचा, भाग संपला की घरी पळायचं आणि बंद टीव्हीपुढे उभं राहून मालिका सादर करायची, असा क्रम सुरू झाला.

पहिल्या दिवशी ते कचेरीच्या भाषेत म्हणाले, "सुनेने दूध प्यायलं नाही. पुढील कार्यवाही प्रलंबित."

"आवाज वाढवा," सासूबाई म्हणाल्या. "आणि चित्र हलत नाहीये."

मग चित्र हलू लागलं. साहेब बायकोची ओढणी घेऊन आत्या होऊ लागले, उशी कवटाळून सून होऊ लागले. आत्यासारखी एकच भुवई वर न्यायला ते आरशापुढे सराव करत. शेजारीणसुद्धा बघायला येऊ लागली. खरं सांगायचं तर साहेबांना मजा येत होती, पण ते त्यांनी कुणाला कळू दिलं नाही.

घोटाळा झाला तो आत्याचं बिंग फुटायच्या दिवशी. ऐन क्षणी नर्सने विचारलं, "पुढचं कोण?" रोज स्वतःचा नंबर इतरांना देणाऱ्या या सज्जन माणसाला त्या दिवशी सगळ्यांनी मिळून आत ढकललं. डॉक्टरांना खरोखरच एक किडका दात सापडला. साहेब बाहेर आले तेव्हा दात गेला होता, अर्धं तोंड बधिर होतं आणि भाग संपला होता.

घरी प्रेक्षक वाट बघत होते. साहेबांनी ओढणी घेतली, एक खोल श्वास घेतला आणि आत्याला जिन्यावरून ढकलून ठार मारलं. सासूबाईंनी आनंदाने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या बहिणीचा फोन आला. आत्या धडधाकट होती आणि उलट सुनेच्याच माहेरी जाऊन बसली होती.

"जावईबापू, तुमच्या या टीव्हीत बिघाड आहे," सासूबाई गंभीरपणे म्हणाल्या. "चित्र खोटं येतंय."

दुसरा कुणी असता तर त्याने माफी मागितली असती. उद्यासाहेब सुजलेल्या गालासकट ताठ उभे राहिले.

"त्यांच्या टीव्हीवर काहीही होऊ दे! माझ्या टीव्हीवर ती मेली! मेलेली बाई परत येणार नाही! कुठे तक्रार करायची तिथे करा!"

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. पिशवी घेतलेला एक मेकॅनिक आत आला, टीव्हीच्या मागे गेला, त्याला स्क्रू लगेच सापडले आणि थोड्याच वेळात पडदा उजळला. पडद्यावर आत्या होती, एक भुवई वर करून.

"किती झाले?" साहेबांनी पडलेल्या आवाजात विचारलं.

"काही नाही, साहेब. कव्हर आहे तुमचं."

साहेबांनी बायकोकडे पाहिलं.

"मी घेतलं होतं, त्याच दिवशी," ती म्हणाली. "तुम्ही खोकं टेम्पोत चढवत होता ना, तेव्हा."

"अगं, मग मला इतके दिवस का नाचवलंस? पहिल्याच दिवशी याला बोलवायचं!"

"बोलावलं की. रोज फोन करत होते. तिथला माणूस रोज म्हणायचा, उद्या येईल."

"उद्या?" साहेब कडाडले. "रोज उद्या? माणसं आहेत की कोण? इकडे म्हातारं माणूस खोळंबलंय, दात गेलाय माझा, आणि हे उद्या म्हणतात! दे तो फोन. मी बघतो त्याला!"

त्यांनी नंबर फिरवला. दोन वाक्यं ते भयंकर ओरडले. मग ऐकू लागले. मग त्यांच्या चेहऱ्यावरच्या आठ्या हळूहळू उतरल्या, ते "हो, हो, नक्की" म्हणाले आणि त्यांनी फोन अलगद खाली ठेवला.

"काय म्हणाला?" बायकोने विचारलं.

"तक्रारीसाठी उद्या फोन करा म्हणाला," उद्यासाहेब म्हणाले. "पण काय गोड म्हणतो गं! मी चक्क आभार मानले त्याचे."