भिंतीवरची मिशी

नगरपालिकेच्या दर्शनी भिंतीवर ओंजळीने पाणी पिणारा मिशीवाला माणूस म्हणजे आपणच, असं नळकाका निवृत्तीनंतरही भेटेल त्याला सांगत. शंकेला जागाच नव्हती. चित्र रंगत होतं तेव्हा ते पाणीखात्यात नवीन लागले होते, मिशी नुकती झुपकेदार झाली होती, आणि आवारातला नळ दुरुस्त करायच्या निमित्ताने ते चित्रकाराच्या डोळ्यांसमोरून हलतच नव्हते.

काय दिवस होते ते! जेवणाच्या सुट्टीत सगळी खाती त्या नळावर जमायची. जन्मनोंदणीच्या खिडकीतली टाइपरायटरची टकटक थांबली की समजायचं, काकू येतायत. नवं लग्न, दोघांत एकच सायकल.

पण चित्रात चेहरा उमटायच्या आत त्यांची लांबच्या टाकीवर बदली झाली. बऱ्याच वर्षांनी परतले तोवर चित्र धुराने काळवंडलं होतं. धड दिसत होती ती फक्त मिशी. मुलीचे सासरे ती पाहून म्हणाले, ही कोणाचीही असू शकेल. काकांच्या ते जिव्हारी लागलं. त्यांनी नगरपालिकेचे उंबरे झिजवले, साहेबांना भंडावून सोडलं आणि भिंत धुवायची मंजुरी मिळवलीच. त्या दिवशी व्याह्यांना मुद्दाम पुढे उभं केलं. काकू मात्र सकाळपासून, नका हो जाऊ, ऊन लागेल, असं म्हणत होत्या; शेवटी त्याही सोबत आल्या.

फवारा सुटला. पहिल्याच झोतात मिशी ओघळून हनुवटीवर आली.

"सांभाळून रे!" काका ओरडले. "मिशी गेली माझी!"

दुसऱ्या झोतात ती मिशी, म्हणजे नुसती साठलेली काजळी, गटारात गेली. वर उरला एका तरुण मुलीचा चेहरा, गालावर खळी आणि खांद्यावरून पुढे आलेली वेणी. व्याह्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग काकूंकडे, आणि सभ्यपणे खोकले.

काकांचा चेहरा पडला. "तू? मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही रोज येताजाता थांबून इतकं मन लावून बघायचात," काकू म्हणाल्या. "म्हटलं, बघू देत. घरी कुठे बघता एवढं?"

व्याही निघाले, पाइपवालेही निघाले. काका मान वर करून त्या खळीकडे बघत राहिले. तेव्हा आपण हिला नीट पाहिलंच नाही, या विचाराने त्यांचे डोळे भरून आले.

"अहो," काकू शेजारून म्हणाल्या, "मी इकडे आहे."