क्रोमहॅमरचा सत्तावन्नावा अंक

माझी मुलगी सहा दिवसांची असताना शेजारचे सबनीसकाका तिला बघायला आले. पाळण्यापासून चार पावलं दूर थांबले, हात पाठीमागे बांधले, चष्मा कपाळावर चढवून वाकले आणि म्हणाले, "निअर मिंट!"

मी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने छताकडे पाहिलं.

"डोकं मागून किंचित चपटं आहे," काका पुढे म्हणाले, "पण त्याला डिफेक्ट नाही म्हणता येणार. हलक्या हाताने प्रेसिंग केलं की जाईल."

"अहो, मूल आहे ते!" मंगलकाकू म्हणाल्या आणि माझ्या हातात आळिवाच्या लाडवांचा डबा ठेवला.

काकूंनीच नंतर उलगडा केला. काकांच्या माळ्यावर चौदा खोकी आहेत आणि त्यांत कॉमिक्स आहेत. सुपरहिरोंची, अमेरिकन, नव्वदच्या दशकातली. लग्नानंतर लगेच दोघं कंपनीच्या कामासाठी तीन वर्षं अमेरिकेत होती. तेव्हा तिकडे कॉमिक्सचं वारं सुटलं होतं. जुन्या कॉमिकच्या एका प्रतीवर कुणी घर घेतलं, कुणी पोरांना कॉलेजात धाडलं, असं काहीबाही छापून यायचं. शहाणीसुरती माणसं कॉमिक्सच्या दुकानाबाहेर रांग लावायला लागली. त्या रांगेत आमचे काकाही, टिफिन हातात घेऊन.

प्रकाशकांचीही कमाल. एकाच अंकाची पाच-पाच मुखपृष्ठं काढायचे. एक चंदेरी, एक थ्रीडी, एकाला मधोमध भोक, एक अंधारात चमकणारं आणि एक साधं, पण आत कार्ड. गोष्ट पाचांतही तीच. काकांनी पाचही घेतले. सगळे प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद. पिशवी फोडली की किंमत गेली, म्हणून एकही अंक त्यांनी कधी वाचला नाही. दोन वर्षांत तो फुगा फुटला, दुकानं बंद पडली आणि काका खोकी घेऊन हॉलंडला आले. आधी आइंडहोवन, मग आमचं हे न्यूनेन.

खोकी माळ्यावर गेली, पण त्यातली भाषा काकांच्या जिभेवर राहिली. मिंट, निअर मिंट, फाइन, गुड, फेअर, पुअर, म्हणजे कोऱ्या करकरीत प्रतीपासून फाटक्या प्रतीपर्यंतच्या पायऱ्या. सुपरमार्केटात ते वांगी अशी निवडायचे. स्वतःची पाठ दुखायला लागली तेव्हा हाउसआर्ट्सना, म्हणजे आमच्या इथल्या फॅमिली डॉक्टरांना, त्यांनी गंभीरपणे सांगितलं, "स्पाइन रोल आहे. बाकी कडा शाबूत." कॉमिकची पाठ वाकली की त्याला स्पाइन रोल म्हणतात. माझ्या आमटीला एकदा ते 'गुड' म्हणाले. मी दोन दिवस हवेत. मग काकूंनी सांगितलं की कॉमिक्समध्ये 'गुड' म्हणजे पानं पिवळी पडलेली आणि मुखपृष्ठ कसंबसं धरून राहिलेलं.

२०२०च्या फेब्रुवारीत सांगलीला काकूंच्या आई न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. काकू तीन आठवड्यांसाठी म्हणून गेल्या. मार्चमध्ये कोरोनाने सगळं बंद केलं. विमानंही बंद. काकू तिकडे, काका इकडे.

काकांना बाकी कशाचा त्रास झाला नाही. मास्क, हातमोजे, दीड मीटर अंतर, आलेली प्रत्येक वस्तू पुसून घ्यायची. "अगं गौरी, जग आत्ता माझ्या लाइनीवर आलं," कुंपणापलीकडून ते मला म्हणाले. कुंपण म्हणजे कमरेएवढी हिरवी झुडपं. मी घरून काम करायचे, टेबल मागच्या खिडकीशी. त्यांची बाग मला दिसायची आणि ऐकूही यायची. जेवणाचं विचारलं की म्हणायचे, "झालं झालं, काही कमी नाही." मी डबा ठेवायचे. डबा घासून, पुसून, पिशवीत घालून परत यायचा.

एप्रिलमध्ये बातमी आली की घरात अडकलेली माणसं पुन्हा जुनी कॉमिक्स विकत घ्यायला लागली आहेत. काकांच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. माळ्यावरून चौदा खोकी एकट्याने उतरवली. हूफडॉर्पहून एका खरेदीदार बाईंना बोलावलं. पांढऱ्या केसांच्या, उंच, सरळसोट बोलणाऱ्या डच बाई. बागेतल्या टेबलावर काकांनी अंक मांडले आणि स्वतः दीड मीटर मागे, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे उभे राहिले.

बाईंनी अर्ध्या तासात चौदाही खोकी चाळली. मग म्हणाल्या, "फार सुंदर जपलंय तुम्ही. अडचण एवढीच की सगळ्यांनीच जपलंय. हे अंक लाखांनी छापले आणि एकानेही टाकले नाहीत. मी काही घेऊ शकत नाही."

काकांनी मास्क सारखा केला.

"गोष्टी कशा आहेत?" बाईंनी विचारलं.

"वाचल्या नाहीत."

"तीस वर्षांत?" बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. "मग वाचा. दुसरा काही उपयोग नाही त्यांचा."

त्या गेल्यावर काका बराच वेळ टेबलाशी बसून होते. जावं की न जावं, असं माझं चाललं होतं. तेवढ्यात ते घरात गेले आणि स्वयंपाकघरातली कात्री घेऊन आले. 'क्रोमहॅमर' नावाच्या हिरोचा पहिला अंक, चंदेरी मुखपृष्ठाचा. टर्रकन पिशवी कापली. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

दहा मिनिटांनी हाक आली. "गौरी! अगं, भिकार आहे गं हे!"

एवढा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. "नुसते दात आवळतोय आणि दंड दाखवतोय! आणि पावलं बघ, काढलेलीच नाहीत. प्रत्येक चित्रात पायाशी धूर. ज्याला पावलं काढता येत नाहीत त्याचे पाच-पाच अंक घेतले मी!"

त्याच दुपारी त्यांनी हे फोनवर काकूंना सांगितलं. काकू म्हणाल्या, "आई पडून पडून कंटाळली आहे. वाचा ना, तिलाही ऐकू दे."

झालं. रोज दुपारी बारा वाजता, म्हणजे तिकडे साडेतीनच्या चहाला, काकांचा फोन लागायचा. फोन कुंडीला टेकवून ठेवायचे, पण कॅमेरा बंद. सांगलीचं नेट चित्राला पुरायचं नाही. इंग्रजी अंक हातात धरून काका धडाधड मराठीत सांगायचे. "आणि क्रोमहॅमरने हातोडा फिरवला, धडाम! प्रोफेसर रस्ट गेला पार नदीच्या पलीकडे!" स्पीकरवर शहाऐंशी वर्षांच्या सासूबाई ओरडायच्या, "मेला का तो गंजवाला?" या सासूबाई काकांना तीस वर्षं 'रद्दी जमवणारे जावई' म्हणत आल्या होत्या. आता साडेतीन वाजले की लेकीला म्हणायच्या, "जावईबापूंना लाव." दुसऱ्या हिरोंचे अंक काकांनी वाचून पाहिले. सासूबाईंना चालेनात. त्यांना हातोडेवालाच हवा.

मेअखेरीस काका कुंपणाशी आले. चेहरा उतरलेला.

"संपलं गं. एकतिसाव्या अंकानंतर कंपनीच बुडाली. तो बिचारा समुद्राच्या तळाशी साखळदंडात. पुढचा अंक निघालाच नाही."

"मग आता काय वाचणार?"

"बघू," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता फोन लागला. मी एका मीटिंगमध्ये होते, लक्ष दिलं नाही. जून सरत आला. फोन चालूच. मला वाटलं, सासूबाईंनी शेवटी दुसरा हिरो पसंत केला असावा. महिनाअखेरीस एके दिवशी खूप उकडत होतं म्हणून मी खिडकी सताड उघडली आणि काकांचा खणखणीत आवाज आला, "क्रोमहॅमर, अंक सत्तावन्न!"

मी उठून पाहिलं. काकांच्या हातात कॉमिक नव्हतं. सुपरमार्केटचं जाहिरातीचं पुस्तक होतं, चीजवर सवलत वगैरे. डोळे मिटून ते बोलत होते आणि अधूनमधून एक पान फोनजवळ नेऊन सावकाश उलटत होते. आवाज यावा म्हणून.

मी खिडकी हळूच लोटून घेतली.

सप्टेंबरात काकू परतल्या. सासूबाई वॉकर धरून अंगणापर्यंत जायला लागल्या होत्या. काकूंना दहा दिवस घरातच राहायचं होतं, म्हणून आम्ही कुंपणाच्या दोन बाजूंना खुर्च्या टाकून बसलो. काका आत चहा करत होते. मला राहवेना.

"काकू, ते क्रोमहॅमरचं..."

"एकतीसच अंक आहेत, मला माहीत आहे," काकू म्हणाल्या. "अमेरिकेत खोक्यांवरच्या याद्या मीच लिहायचे ना दर महिन्याला."

"म्हणजे पहिल्या दिवसापासून तुम्हाला कळलं होतं?"

"न कळायला काय झालं? बत्तिसाव्या अंकात तो साखळदंड तोडून वर आला आणि लगेच घरी जाऊन पोहे भिजत घातले. पार लगदा झाला त्यांचा. मग एका अंकात त्याला कुकरची शिट्टी सापडेना. एकदा नुसताच जिन्यात बसून राहिला. का, तर एवढ्या मोठ्या घरात बोलायला कुणी नाही म्हणून." काकूंनी पदराने चष्मा पुसला. "तीस वर्षांत हे मला कधी 'करमत नाही' म्हणाले नाहीत गं. फोनवर रोज विचारायचे मी, कसे आहात? मजेत! जेवलात? मस्त!"

"मग तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

"मी म्हणायचे, पुढे वाचा. आणखी काय म्हणणार?"

आतून कपबशांचा आवाज आला. काकूंनी तिकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मी निघायच्या आदल्या दिवशीचा अंक अगदी छोटा होता. क्रोमहॅमरने घर झाडलं, पलंगावरची चादर बदलली, दाढी केली आणि दारात जाऊन उभा राहिला. एवढंच. आईने विचारलं, काय हो जावईबापू, आज लढाई नाही का?"

"मग?"

"आधी एक पान सावकाश उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, नाही आई, आज लढाई नाही."