उजव्या चाकाचा नट

दोष बापाचा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे शेवटी ‘तसे ते मनाने वाईट नाहीत’ हे ऐकायची कुणी वाट बघायला नको. (ते वाक्य आई दिवसातून दोनदा म्हणते. तेवढं पुरे.) थोडा दोष मुलाचाही होता, पण त्याची पाळी येईल तेव्हा बघू.

बापाला आयुष्यात एकच विद्या साधली होती: आवळणे. ऑफिसात हेडक्लार्क होता तोवर त्याने हाताखालच्या कारकुनांना आवळलं, रिटायर झाल्यावर घर हाती घेतलं. नळ असा बंद करायचा की आईला सकाळी तोंड धुवायला पाना शोधावा लागे. बरण्यांची झाकणं अशी लावायचा की घरात साखर असूनही चहा बिनसाखरेचा व्हायचा. मग मुलगा फडकं घेऊन झाकणाशी झोंबायचा आणि बाप पेपराआडून म्हणायचा, “ढिलाई मला चालत नाही.”

हा टोमणा झाकणाला नसे. मुलाने इंजिनियरिंग तिसऱ्या वर्षात सोडलं, त्या दिवसापासून बाप त्याला अहो-जाहो करत होता. “इंजिनियरसाहेब, उठलात का?” अशी घरातली सकाळ.

इंजिनियरसाहेब दोन वर्षं गॅरेजात राबले. तिथे एका गिऱ्हाइकाने टाकून दिलेला प्रवासी ट्रेलर त्याने मागून घेतला आणि रविवार-रविवार करत उभा केला. चाकांवरची एक खोली. एक पलंग, एक शेगडी, आणि आतून लागणारी कडी. त्या कडीवर त्याचा फार जीव होता. जन्मात पहिल्यांदा त्याच्या मालकीची कडी.

तळ्याकाठी असे ट्रेलर उभे करायचं मैदान होतं. तिथल्या वर्कशॉपच्या मालकाला चाकं आणि ब्रेक बघायला माणूस हवा होता. फोनवर तो म्हणाला, “स्वतःचा ट्रेलर आहे ना? मग त्यातच राहा. सोमवारी सकाळी दहाला घेऊन ये. चाकं कशी केलीस तेवढं बघतो, वेगळी परीक्षा नाही.”

रविवारी त्याने अंगणात ट्रेलर जॅकवर घेतला. बाप खुर्ची टाकून, हाताची घडी घालून समोर बसला. (शेजारचं मांजरही आलं होतं, पण ते निदान गप्प होतं.) मुलाने बेअरिंगं काढली, डिझेलमध्ये धुतली, तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन एकेक बेअरिंग त्यात दाबायला लागला.

“हातानेच फासणार? घरात ब्रश नाही?”

“ग्रीस आत शिरायला हवं, बाबा. वरून फासून उपयोग नाही.”

“कॉलेजात शिकवलं?”

“गॅरेजात.”

“तरीच.”

डावं चाक झालं. उजव्याचा नटही त्याने रीतसर बसवला: चाक फिरवत आवळला, मग मागे घेतला, आणि शेवटी नुसत्या बोटांनी टेकवला. आता तो तिथेच राहावा म्हणून खाचेतून एक पिन घालायची, वर टोपी ठोकायची, की संपलं. बापाने वाकून नटाला बोट लावलं.

“अरे, हा बोटाने फिरतोय!”

“फिरायलाच हवा. बेअरिंग तापलं की फुगतं, त्याला थोडी जागा लागते.”

“जागा!” बाप असा किंचाळला, जणू पोराने दारूच मागितली. “आम्हाला दिली होती कुणी जागा?”

एवढ्यात जुनी पिन मुलाच्या हातात तुटली. तो म्हणाला, “मी पिन घेऊन येतो. तोवर हात लावू नका.” (बापाला ‘हात लावू नका’ सांगणं म्हणजे घरी जाऊन आमंत्रण देणं. एवढं कळायला इंजिनियरिंगची अडीच वर्षं पुरली नाहीत.)

रविवार असल्याने पहिलं दुकान बंद, दुसरं लांब. तासाभराने परत आला तर जॅक काढलेला, चाक जमिनीवर टेकलेलं, टोपी जागेवर, आणि बाप आईच्या चांगल्या टॉवेलला हात पुसतोय.

“पिन होती माझ्या डब्यात,” बाप म्हणाला. मग चाकाकडे बघत म्हणाला, “छान झालंय काम.”

छान! तेवीस वर्षांत पहिल्यांदा. कोण बोललं ते बघायला आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

आता मुलाची पाळी. टोपी काढून आत बघणं हे दहा मिनिटांचं काम होतं. गॅरेजातल्या कुणीही बघितलं असतं. पण ज्या टोपीवर बापाने ‘छान’ ठेवलंय, ती पान्याने उचकटायची कशी? त्याने हात धुतले. शीळ घालत धुतले, गाढवाने.

सोमवारी बापाची गाडी, मागे ट्रेलर. बाप चालवत होता, शेजारी आई, मागच्या सीटवर मुलगा. तळं जवळ आलं तसा तो म्हणाला, “बाबा, जरा थांबवा. चाकाच्या हबला, मधल्या तुंब्याला, हात लावून बघतो. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर गडबड.”

“डावं बघ हवं तर. उजवं बघायला नको.”

“का?”

“ते मी आवळलंय. पान्याला पाईप लावून! तू तर बोटावर सोडला होतास.”



“पण तुम्ही ‘छान झालंय’ म्हणालात!”

“मग? छानच केलं होतं मी.”

“तसे ते मनाने…” आईने सुरुवात केली.

“आई, गप्प बस! बाबा, गाडी थांबवा!”

“दहाला पाच कमी आहेत. वेळेच्या बाबतीत ढिलाई मला चालत नाही.”

“अगंबाई,” आई खिडकीतून मागे बघत म्हणाली, “कुणीतरी काहीतरी जाळतंय.”

ठीक दहाला ट्रेलर मैदानाच्या फाटकातून किंचाळत आत शिरला, उजव्या चाकातून धूर काढत. मालक चहाचा मग घेऊन बाहेर आला. त्याने हबवर चहाचे दोन थेंब टाकले. चर्र झालं.

“कुणी केलं हे चाक?”

मुलाने तोंड उघडलं, पण बाप पुढे झाला. पोराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “आमच्या चिरंजीवांनी. सगळं स्वतःच्या हाताने. आम्ही बोटसुद्धा लावलं नाही.”

“खोटं आहे! नट यांनी आवळला, पाईप लावून!”

“कुणी आवळला ते असू दे,” मालक म्हणाला. “टोपी उघडून तू बघितलंस का?”

“नाही.”

“का नाही?”

याचं उत्तर होतं त्याच्याकडे. पण ‘बाबा छान म्हणाले’ हे तेवीस वर्षांच्या दाढीवाल्या माणसाने सांगायचं कुणाला?

“चाकांच्या कामाला न बघणारा माणूस मला नको,” मालक म्हणाला आणि उरलेला चहा पीत आत गेला.

बेअरिंग आसावर जळून चिकटलं होतं, आसही कामातून गेला होता. ट्रेलर तिथेच कुंपणाला सोडावा लागला, कडीसकट. परतीच्या वाटेवर बाप एकच वाक्य बोलला: “मी सांगतच होतो, ढिलाई नडते.”

नोकरी गेली. ट्रेलर गेला. आता घरातल्या बरण्या उघडायचं काम तेवढं त्याच्याकडे आहे, आणि त्यात तो कायम झालाय.