मडमच्या पाठीमागची भिंत

कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्याखालून चेहरा एकदा पाहिला की माणसाच्या पोटात काय आहे ते मी सांगू शकतो! बोईसर स्टेशनसमोरचा ‘जयवंती फोटो स्टुडिओ’ माझाच. जयवंती हे बायकोचं नाव. कॅमेरा सासऱ्यांनी घेऊन दिला, म्हणून पाटीवर ती आणि आत मी. गेल्या साली युद्ध चालू असताना गावात हेर शिरल्याचा संशय सगळ्यात आधी मलाच आला होता. आता तो जडीबुटीवाला खरोखरच जडीबुटीवाला निघाला आणि दाढी ओढल्याबद्दल मला त्याची चारचौघांत माफी मागावी लागली, ही गोष्ट वेगळी. संशय घ्यायलाही छाती लागते.

सहासष्टच्या फेब्रुवारीत एका शुक्रवारी तारापूर अणुप्रकल्पाच्या वसाहतीतली एक अमेरिकन मडम दुकानात आली. नाव डोरिस. नवरा प्रकल्पावर इंजिनिअर. सोबत तिच्या घरी काम करणारी ठकी होती. ठकी डोंगराकडच्या पाड्यावरची, शाळेचं तोंड न पाहिलेली. पण मडमच्या घरी दीड वर्ष काढून ती असं इंग्रजी फाडायची की मला माझं मॅट्रिकचं सर्टिफिकेट लपवावंसं वाटलं. माझं इंग्रजी ‘स्माईल प्लीज’ला सुरू होऊन तिथंच संपतं.

मडमनं पिशवीतून एक फोटो काढून टेबलावर ठेवला. फोटोत तीच, पण आठ वर्षांनी लहान. गळ्यापासून घोट्यापर्यंत चंदेरी घट्ट पोशाख, कमरेला रुंद पट्टा, हातात सायकलच्या पंपासारखं काहीतरी. आणि पाठीमागे भिंतभर तबकड्या, काटे, दिवे, बटणं.

मग मडम सांगत गेली आणि ठकी मला ते मराठीत सांगत गेली. डोरिस खेडेगावातली पोर, शहरात टोप्यांच्या दुकानात कामाला होती. टेलिव्हिजनच्या एका मालिकेतल्या नटीचा पाय मोडला आणि तो चंदेरी पोशाख डोरिसच्या अंगाला बरोब्बर बसला, म्हणून तिला कामावर घेतलं. काम काय, तर रॉकेटची कप्तान! चार वर्षं दर गुरुवारी ती रॉकेट घेऊन जायची. रस्त्यात पोरं सलाम ठोकायची. मग मालिका बंद पडली. दुसरं काम मागायला जावं तर लोक विचारायचे, रॉकेट कुठं ठेवलंस? शेवटी लग्न केलं आणि नवऱ्याबरोबर तारापूरला आली. आता तीच मालिका पुन्हा निघत होती. मालकांना तिचा जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवून बघायचं होतं, की बाई अजून कप्तान दिसते का. सोमवारी साहेब, म्हणजे तिचा नवरा, अमेरिकेला निघणार होते, त्यांच्या हातून फोटो जायचे होते.

“सोमवारी फोटू नाय गेला तं काम दुसरीला देतील,” ठकी म्हणाली. “मंग माजी बाय परत कदी रॉकेटात बसायची नाय.”

टेलिव्हिजनबद्दल मी पेपरात वाचलं होतं. पाहिलेला माणूस अख्ख्या बोईसरात नव्हता. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, रॉकेट जायचं कुठं?

“मंगळावर. बाय सात येळा जाऊन आली हाय.”

मी मडमकडं पाहिलं. तिनं गंभीरपणे मान हलवली. बाई धडधडीत खोटं बोलत होती! मी पुन्हा फोटो पाहिला आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. फोटो बाईचा नव्हताच. फोटो भिंतीचा होता. बाई नुसती पुढं उभी केली होती. आणि अशी भिंत आमच्या मुलखात कुठं असणार? अणूच्या कारखान्यात!

संध्याकाळी मी शेजारच्या नागोरावांना गाठलं. नागोराव हवालदार म्हणून निवृत्त झाले होते, पण पट्टा अजून काढत नसत. त्यांनी भिंग लावून फोटो पाहिला आणि प्रकल्पावरचा माणूस पाहिजे म्हणाले. कुंभवलीचा शांताराम प्रकल्पावर जायचा, त्याला बोलावलं. शांताराम तिथं कुंपणाची तार ताणायच्या कामावर होता, हे आम्हाला फार उशिरा कळलं. गावात मात्र त्यानं आपण आतल्या कामावर आहोत असं सांगितलेलं. आता त्याची पंचाईत झाली. फोटो उलटासुलटा धरून तो दबक्या आवाजात म्हणाला, “हेच हाय. आमी रोज पुसतो ही घड्याळं.”

चहा घेऊन आलेल्या जयवंतीनं फोटोत डोकावून पाहिलं. “अहो, तिथं अजून पाया खणतायत. घड्याळं काय हवेत टांगलीत? आणि फोटो तर आठ वर्षांपूर्वीचा म्हणता.”

नागोरावांनी भिंग पुसून पुन्हा फोटोवर धरलं. मग ते हळूच म्हणाले, “म्हणजे आपण बांधायच्या आधीच त्यांच्याकडं फोटो आहे. वहिनी, प्रकरण फार खोल गेलंय.”

बेत ठरला. संशय येऊ न देता मडमचं काम करायचं, पण भिंत देशाबाहेर जाऊ द्यायची नाही.

शनिवारी मडम तो पोशाख घालून पडद्यासमोर उभी राहिली. खरं सांगतो, मी फडक्याखाली गेलो आणि दचकलो. दुकानात आलेली हसरी बाई कुठं गेली कोण जाणे. समोर कप्तान उभी होती. ही म्हणेल तिकडं निमूट निघावं असं क्षणभर वाटलं. मग मी स्वतःला बजावलं, हेर असेच असतात.

रविवारभर मी ब्रश घेऊन बसलो. जुन्या फोटोची प्रत काढली आणि तिच्यावरची सगळी भिंत रंगवून टाकली. त्या जागी तळं, कठडा आणि सहा राजहंस काढले. देशासाठी एवढे राजहंस कुणी काढले नसतील! मग नवा फोटो ब्रशाखाली घेतला. मडमच्या तोंडभर बारीक ठिपके होते. आमच्याकडं लग्नाच्या मुलीचा फोटो मुलाकडं धाडतात, तेव्हा देवीचे वण घालवणं हा धर्मच. सफाळ्याच्या एका मुलीचे तर मी चाळीस वण घालवले होते. बघायला आलेली मंडळी तिच्याच हातचे पोहे खाऊन तिलाच विचारत होती, मुलगी कधी येणार? त्याच सवयीनं हात चालला. ठिपके गेले, डोळ्यांखालच्या रेघा गेल्या, हनुवटीही थोडी निमुळती झाली.

मडम संध्याकाळी बघायला आली, तेव्हा फोटो ओले आहेत अशी थाप मारली. सोमवारी पहाटे वसाहतीच्या फाटकाशी उभं राहून बंद पाकीट थेट साहेबांच्या जीपमध्ये दिलं. मूळ फोटो पुरावा म्हणून नागोरावांच्या कोटात होता.

मंगळवारी नागोराव पट्टा आवळून प्रकल्पावरच्या आपल्याकडच्या एका मोठ्या इंजिनिअरकडं गेले. त्यानं फोटो पाहिला आणि तो हसता हसता खुर्चीतून खाली यायचा राहिला. तबकड्या पुठ्ठ्याच्या होत्या. दोन तर नीट पाहिल्यावर ताटल्या होत्या! कप्तानबाईला तो पुण्याला एका अमेरिकन मासिकात पाहून चांगला ओळखत होता.

दुपारी मडम आणि ठकी दुकानात आल्या. पाठवलेल्या फोटोंच्या जास्तीच्या प्रती मी मुकाट्यानं पुढं ठेवल्या. मडमनं राजहंस पाहिले. मग नवा फोटो खूप वेळ पाहिला आणि ठकीला इंग्रजीत हळूच काहीतरी विचारलं.

“बाय इचारते,” ठकी म्हणाली, “माजं तोंड एवढं वाईट हाय का?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मडम रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती मान खाली घालून निघून गेली. ठकीनं मात्र दारातून वळून सांगितलं, “रॉकेट गेलं माज्या बायचं. तुमी घालवलं.”

मी पाच दिवस दुकान उघडलं नाही.

एप्रिलमध्ये मडमला पत्र आलं. मालकांनी कळवलं होतं, आठ वर्षांत तुम्ही दहा वर्षांनी तरुण झालात, ताबडतोब या! ठकी धावत सांगायला आली. मी पेढे वाटले. नागोराव म्हणाले, त्यांना पहिल्यापासूनच खात्री होती. शांताराम म्हणाला, ती घड्याळंच तशी होती. मी तर पाटीवर ‘अमेरिकेत पसंत’ असं लिहायला पेंटर सांगितला आणि मडमला निरोप द्यायला हार घेऊन गेलो. तिनं हसून माझ्याशी हात मिळवला. तेवढ्यावर मी महिनाभर जगलो.

जूनच्या सुरुवातीला ठकी पुन्हा आली. साहेबांना मडमचं पत्र आलं होतं आणि त्यांनी ते तिला वाचून दाखवलं होतं. तिचं तोंड पाहून मी, दीड महिन्यानं एकदाचा उगवलेल्या पेंटरला शिडीवरून खाली उतरायची खूण केली.

मडम विमानातून उतरली तेव्हा मालिकेची चार माणसं माझा फोटो हातात धरून उभी होती. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. ते तिच्या डोक्यावरून मागे बघत राहिले. मीच डोरिस, असं तिनं सांगितलं. त्यांनी एकदा फोटोकडं आणि एकदा तिच्याकडं पाहिलं, आपसात कुजबुजले, आणि त्यातला एक जाऊन पोलिसाला घेऊन आला! पासपोर्ट पाहून त्यांची खात्री पटली, पण काम गेलं ते गेलंच. कप्तान दुसरीच झाली.

“मंग बाय परत येते का?” मी चाचरत विचारलं. घाबरलो की माझीही बोली बदलते.

“नाय. कप्तानाच्या आयेचं काम दिलंय.” ठकीनं डोळे पुसले. “बसली रॉकेटात. पन मागल्या बाकावर.”

ती डोरिस डोरिसच होती, हे मी आता कुणालाही लेखी द्यायला तयार आहे. पण फोटोवाल्याच्या शब्दावर कोण विश्वास ठेवतो?