झगमग या नावाच्या बारशाची हकीकत

श्री. सांजवात लागली, चंद्रास हात जोडिले, मग वृत्तांत लिहिला तो ऐसा. शके पंधराशे त्र्याऐंशी, प्लव नाम संवत्सरी, एका राज्यात चाल होती की बारसे जाहल्याविना कोणासही नाव नाही. मूल असो, वासरू असो की तोफ असो, पाळण्यात घालावे आणि आत्याने कानात कुर्र करोन नाव सांगावे. मग राजमंदिरामागील तळ्यावर चांदणे पडता जो उजेड नाचे, त्यास नाव कोठोन येणार? ते चंद्राचे लेकरू, आणि चंद्रास बहीण कोण? बिनआत्याचे पोर बिननावाचेच राहिले, आणि कोणाचे काही अडले नाही.

पुढे राजमातुश्री अंबाऊसाहेब यांची दृष्टी गेली आणि अडले. आऊसाहेबांस त्या उजेडाचे भारी वेड. चांदण्या पक्षात रोज सांजेस सूनबाई गुणाबाईंस पुसावे, "तळे काय करते गे?" आणि गुणाबाईंनी म्हणावे, "छान आहे." "छान तर लोणचेही असते, मेले!" ऐसे बोलोन आऊसाहेब भिंतीकडे तोंड फिरवीत आणि मग ताटही परत धाडीत. गुणाबाईंचे काळीज तुटे, की माझे डोळे शाबूत असोन आऊंच्या काय कामाचे? त्या उजेडास नावच नाही, तर सांगू काय?

मग गुणाबाई पदर खोचोन दरबारी गेल्या आणि पुसिले, "ज्या बाईस भाऊ नाही, ती भाऊबीजेस कोणास ओवाळिते?" शास्त्रीबोवा बोलिले, "चंद्रास." "आमच्या आऊंस भाऊ नाही. जन्मभर चंद्रासच ओवाळिले. मग चंद्राची बहीण कोण जाहली?" शास्त्रीबोवांनी कपाळास हात लाविला, "अरे देवा! काखेत कळसा आणि गावास वळसा!" मग मार्गशीर्ष पौर्णिमेस, चंद्र वर येता, तळ्याकाठी पाळणा टांगिला आणि त्यात पाण्याची परात ठेविली, आणि उजेड आपण होऊन येऊन निजला, आणि घुगऱ्या वाटिल्या. आऊसाहेबांनी कुर्र केले आणि थांबल्या. "पाहोन वर्षे लोटली गे. कैसे हलते तेच विसरले," ऐसे म्हणोन डोळा पाणी आणिले. गुणाबाईंनी आऊंचा तळवा हाती घेतला आणि परातीत उजेड जैसा उठे, विझे, पुन्हा उठे, तैसी बोटे त्यावर नाचविली. आऊसाहेबांचा चेहरा खुलला, आणि परातीवर वाकोन हळूच बोलिल्या, "झगमग. झगमग." मग सुनेस पोटाशी धरोन म्हणाल्या, "तुझे उपकार कैसे फेडू गे? दिसले मला."

एवंच, तो शब्द आज सर्वांमुखी आहे. ज्यास डोळे आहेत त्याने, ज्यास नाहीत त्यास तो सांगावा. इतकाच या बारशाचा अहेर.