मोरखंडी तलावाची अधिकृत खोली

आमच्या मोरखंडी गावाला पिण्याच्या पाण्याचा टँकर हवा होता, म्हणून आम्ही स्कूबा डायव्हिंग ठरवलं. या दोन गोष्टींचा संबंध ज्यांच्या लक्षात आला नाही, त्यांना अजून कार्यालयात काम पडलेलं नसावं.

मोरखंडी जाफराबादच्या उत्तरेला डोंगरावर आहे. जीपवाला चढाच्या खाली उतरवून देतो, पुढे सव्वा तास पायी. एप्रिलमध्ये गावची विहीर आटली. शेजारच्या चांगुणाकाकू दोन हंड्यांसाठी रोज तो चढ उतरून परत चढू लागल्या. गुडघे सुजले तेव्हा त्या मला म्हणाल्या, "राजानंद, तू बीएस्सी झाला ना? मंग टँकरचा अर्ज तूच लिही. बराबर लिही."

मी बराबर लिहिला. उत्तर आलं : गावालगत बारा मीटर खोल तलाव असल्याने टँकर देय नाही.

मी तलाव मोजला. सर्वांत खोल जागी गढूळ पाणी एक्केचाळीस सेंटिमीटर भरलं. चूक अधिक-उणे दोन, कारण मध्ये एक म्हैस बसली होती आणि ती उठायला तयार नव्हती. आकडे घेऊन मी तहसील कार्यालयात गेलो. तिथले लिपिक संपतभाऊ कागद न पाहताच म्हणाले, "काठीनं मोजलं व्हय? न्हाई चालत. धा मीटरच्या वर खोल असलं की ट्रेनिंग झालेल्या पाणबुड्यानंच मोजायचं."

"पण तो दहा मीटर खोल नाही, हेच तर मोजलंय."

"ते पाणबुड्याला सांगू द्या ना. तुम्ही पाणबुडे हाव का?"

मी भौतिकशास्त्राचा पदवीधर आहे. वाद तिथेच संपला.

मालवणचा एक पाणबुड्या यायला तयार झाला. एसटीत कंडक्टरने सिलिंडर पाहून विचारलं, "गॅस हाय का?" "हवा आसा," तो म्हणाला. कंडक्टरने हवेचं लगेज फाडलं.

पुढची अट बचाव नौकेची होती. ती जिल्ह्याच्या ठिकाणाहून टेम्पोत आली आणि चढावर सोळा जणांनी खांद्यावर नेली. तलावात ठेवताच ती गाळात घट्ट बसली. मोजणीवर देखरेखीला आलेले अभियंता साहेब लाइफ जॅकेट घालून तिच्यात चढले आणि दोन्ही हातांनी काठ धरून म्हणाले, "कोणीही नौका हलवू नये."

पाणबुड्याने इकडेतिकडे पाहिलं. "पाणी खंय आसा?"

"तुझ्या पायाखाली," मी म्हणालो.

उभ्याने मोजणी ग्राह्य नव्हती. तो बिचारा पालथा झोपला. तोंड बुडालं, पाठ आणि सिलिंडर कोरडे राहिले. म्हशीने त्याला हुंगलं. साहेबांनी फोटो काढला, त्यातून म्हैस कापली, काठ कापला आणि कार्यालयाच्या फेसबुक पानावर टाकला : 'दुर्गम मोरखंडीत स्कूबा डायव्हिंगचा थरार'. बारा हजार लोकांनी तो पसंत केला.

त्यामुळे आमचा दुसरा अर्जही नामंजूर झाला. पाणबुड्याचा अहवाल जोडला होता, खोली तीच एक्केचाळीस. संपतभाऊंनी मला समजावलं, "आता तुम्हीच इचार करा. जिथं लोक बुड्या मारून राह्यले, तिथं टँकर मागता? वर काय सांगू मी?"

लोक खरंच येऊ लागले. पुण्याहून आले, नागपूरहून आले, पाणी पाहून चिडले आणि तक्रारी केल्या. पर्यटकांची तक्रार म्हणजे गंभीर बाब. आठ दिवसांत तलावाच्या तळाशी शेततळ्याचं निळं प्लॅस्टिक अंथरलं गेलं, जेसीबीने कच्चा रस्ता झाला, आणि मोरखंडीत टँकर आला. एक नाही, रोज चार. काकू हंडे घेऊन धावल्या. टँकर त्यांच्यासमोर तलावात रिकामा झाला. काठावर पाटी लागली : 'सदर पाणी केवळ डायव्हिंगसाठी'.

"मंग डायव्हिंग करायला काय लागतं?" काकूंनी विचारलं.

"फॉर्म," संपतभाऊ म्हणाले. "गाववाल्यांना सवलत हाय. बिलकुल फुकट."

मी फॉर्म भरला. पोहता येते का? नाही. पूर्वीचा अनुभव? नाही. सोबत आणावयाचे साहित्य? दोन हंडे.

संपतभाऊंनी तो तीनदा वाचला. हंड्यांना मनाई करणारा रकाना फॉर्मवर नव्हता. त्यांनी शिक्का मारला.

आता संध्याकाळी सहाची बॅच आमच्या गावच्या बायकांची असते. एकेक जण ओळीने गुडघाभर उतरते, वाकते आणि भरलेल्या हंड्यांसह वर येते. नोंदवहीत प्रत्येकीपुढे 'यशस्वी बुडी' असा शेरा पडतो. चांगुणाकाकूंच्या एकशे अकरा झाल्या. जिल्ह्यात इतक्या कोणाच्याच नाहीत.

सकाळची बॅच पर्यटकांची. तो फोटो तुम्हीही पाहिला असेल, खाली 'लोकेशन?' असं विचारलंही असेल. अवश्य या. काकूंचा निरोप फक्त एवढाच आहे, की उतरण्याआधी पाय तेवढे धुऊन घ्या. संध्याकाळी ते पाणी आम्ही पितो.